विकतचे निबंध, विकतचे तारे

जीटी मारणं म्हणजे काय हे आपल्या कॉलेजात कुणाला शिकवावं लागत नाही. खाली ट्यूबलाइट, वर काच, काचेवर मित्राची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट, की झालं ड्रॉइंग. सबमिशनच्या आठवड्यात एकाचं जर्नल दहा हातांतून फिरणं, ब्लॅक बुकसाठी आधीच्या बॅचची सॉफ्ट कॉपी हुडकणं, हेही ओघानं आलंच. हे बरं की वाईट यावर रेक्टर सरांनी दरवर्षी बोलायचं आणि आपण ऐकायचं असा शिरस्ता आहे, तेव्हा मी त्यात पडत नाही. एवढंच म्हणतो की जीटीच्या व्यवहारात एक सोय असते. ज्याची शीट आपण काचेवर ठेवली तो शेजारच्या रूममध्ये राहतो. त्याचा साइड व्ह्यू उलटा निघाला तर भांडायला कुठे जायचं ते ठाऊक असतं.

परदेशात हाच व्यवहार पैसे घेऊन, इंटरनेटवरून आणि अनोळखी माणसांत चालतो. विषय, शब्दसंख्या आणि तारीख कळवायची, कार्डानं पैसे भरायचे, की निबंध, रिपोर्ट, अगदी अख्खं डिझर्टेशनसुद्धा तयार होऊन येतं. २००६ मध्ये बर्मिंगहॅमच्या रॉबर्ट क्लार्क आणि थॉमस लँकेस्टर यांनी या प्रकाराला 'कॉन्ट्रॅक्ट चीटिंग' असं नाव दिलं आणि तेच रूढ झालं. फिलिप न्यूटन यांनी २०१८ मध्ये जुन्या-नव्या ६५ अभ्यासांतले आकडे एकत्र केले. १९७८ पासूनची सरासरी साडेतीन टक्के आली, पण २०१४ नंतरच्या नमुन्यांत पैसे देऊन काम करून घेतल्याचं सांगणारे १५.७ टक्के निघाले. सांगणारे, बरं का. न सांगणारे वेगळे.

आता यात आपला काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध असा, की आपल्या हॉस्टेलमधून दरवर्षी काही जण एम.एस. किंवा एम.एस्सी.ला इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेला जातात. आमच्याच विंगमधला एक सीनिअर इंग्लंडमध्ये आहे. राहतं घर तारण ठेवून वडिलांनी कर्ज काढलेलं. कायद्यानं आठवड्याला २० तास काम करता येतं, ते तो गोडाऊनमध्ये रात्रपाळीला करतो. एका डिसेंबरात त्याचे तीन निबंध एकाच आठवड्यात आले आणि त्यानं मला तीन लिंका पाठवल्या. खाली लिहिलं होतं, 'तू कॉम्प्युटरवाला आहेस, हे रिव्ह्यू खरे आहेत का तेवढं बघून सांग. मधल्याला ४.९ आहे.'

मी सांगतो म्हटलं आणि वाचायला बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय, कारण अशी लिंक उद्या तुमच्याही मोबाइलवर येईल.

पहिल्यांदा माणसाला वाटतं की खोटा रिव्ह्यू भाषेवरून ओळखू येतो. यावर एक छान प्रयोग झालेला आहे. २०११ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या माइल ऑट यांनी सहकाऱ्यांबरोबर शिकागोतली २० हॉटेलं घेतली. त्यांचे ट्रिपअ‍ॅडव्हायजरवरचे ४०० स्तुतीचे रिव्ह्यू जमवले आणि तितकेच खोटे रिव्ह्यू, प्रत्येकी एक डॉलर देऊन, लोकांकडून मुद्दाम लिहवून घेतले. मग त्यांतले काही पदवीच्या तीन विद्यार्थ्यांसमोर ठेवले आणि विचारलं, ओळखा. तिघांतला जो सर्वांत हुशार निघाला त्याचीही उत्तरं १०० पैकी ६२ च्या आसपासच बरोबर. नाणं उडवलं असतं तर ५० आली असती! कॉम्प्युटरनं मात्र शब्दांची मोजदाद करून जवळजवळ ९० टक्के बरोबर ओळखले. त्याला काय दिसलं? जो हॉटेलात खरोखर राहिला होता तो बाथरूम, मजला, खोली लहान, भाडं किती, असं बोलत होता. जो कधी पायरीही चढला नव्हता तो शहराचं नाव, नवरा, सुट्टी, 'मी' आणि 'माझं' असं बोलत होता. साहजिक आहे. न पाहिलेल्या खोलीचं वर्णन काय करणार? मग माणूस आपल्या भावनांचं वर्णन करतो.

हे डोक्यात ठेवून खालचे दोन नमुने वाचा.

'माझी सबमिशनची तारीख उद्यावर आली होती आणि मी अगदी खचून गेलो होतो. मग मला ही अप्रतिम सेवा सापडली! लेखक अत्यंत अनुभवी, काम शंभर टक्के ओरिजिनल आणि वेळेच्या आधी हातात! सर्व विद्यार्थ्यांना मनापासून शिफारस.'

'२,००० शब्द मागितले होते, त्यांतले ४०० रेफरन्सच्या यादीतच गेले. हार्वर्ड पद्धत सांगितली होती, एपीए करून पाठवलं. दुरुस्तीला दीड दिवस लावला. ग्राफच्या अक्षांवर युनिट मी स्वतः घातली. तीन तारे.'

पहिल्यात कुठला विषय, किती शब्द, किती पैसे, काहीच नाही. नुसता हर्ष. पहिला खोटा आणि दुसरा खरा, असं आमच्या रूममध्ये सगळ्यांनी एका सुरात सांगितलं. दोन्ही मी रचलेले आहेत! दुसरा लिहायला चार मिनिटं जास्त लागली, इतकाच फरक. म्हणजे भाषेची खूण उपयोगाची आहे, पण ती आळशी लबाडाला पकडते. मेहनती लबाड तिच्यातून निसटतो. शिवाय नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून ती चार मिनिटंही लागत नाहीत. 'तक्रारीच्या सुरात, विषय थर्मोडायनॅमिक्स, तीन तारे' असं सांगितलं की रिव्ह्यू तयार. २०११ च्या त्या खुणा आज जशाच्या तशा चालतील असं मानू नका.

त्या तीन ताऱ्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. लहान बाळाला दृष्ट लागू नये म्हणून गालावर तीट लावतात ना, तशी हुशार दुकानं आपल्या पानाला तीट लावतात. पन्नास कौतुकांमध्ये एखादी बारीकशी कुरकुर: 'निबंध एक तास उशिरा आला, पण त्यांनी लगेच थोडे पैसे परत केले.' वाचणाऱ्याला वाटतं, वा, इथे वाईटही छापतात. ही कुरकुर नीट वाचा. शेवटी ती दुकानाचंच भलं करते का? करत असेल तर ती तीटच.

आता मुद्द्याचं. हॉटेलचे रिव्ह्यू वाचताना प्रश्न असतो की यातले खोटे कोणते. निबंधाच्या दुकानाचे वाचताना त्याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा: इथे खरा रिव्ह्यू लिहील तरी कोण? मिसळ आवडली तर माणूस नावासकट लिहितो. पण 'मी अमुक विद्यापीठात शिकतो, माझं असाइनमेंट मी विकत घेतलं आणि मला डिस्टिंक्शन मिळालं' असं जगासमोर लिहिणं म्हणजे स्वतःच्या हातानं चौकशी समितीला पत्र लिहिणं. खूश झालेलं गिऱ्हाईक गप्प बसतं. फसलेलं गिऱ्हाईक त्याहून गप्प. लिहिण्यात फायदा आणि न लिहिण्यात तोटा असणारा एकच माणूस उरतो, तो म्हणजे दुकानदार.

एम-थ्री मध्ये प्रॉबॅबिलिटी केलीत ना, ती इथे काढा. खालचे आकडे मी उदाहरणासाठी धरलेले आहेत, कुठल्या दुकानाचे नाहीत. समजा वर्षाला १,००० गिऱ्हाइकं. त्यांतली १०० पैकी दोन धीट, म्हणजे खरे रिव्ह्यू २०. दुकान आठवड्याला १० खोटे लिहवून घेतं, म्हणजे वर्षाला ५२०. एकूण ५४०. सत्ताविसात एक खरा. आता समजा तुमची नजर कॉर्नेलच्या त्या विद्यार्थ्यापेक्षा बरीच तीक्ष्ण आहे आणि १०० पैकी ८० वेळा बरोबर ओळखते, खऱ्यालाही आणि खोट्यालाही. तुम्ही चाळून खोटे बाजूला काढलेत. ५२० पैकी ४१६ गेले, १०४ तुमच्या चाळणीतून निसटले. २० खऱ्यांतले चार चुकून गेले, १६ राहिले. जे १२० रिव्ह्यू तुम्ही 'खरे' म्हणून मांडीवर घेऊन बसलात त्यांतले १०४ खोटे आहेत.

हीच नजर हॉटेलांवर लावून बघा. मायकेल लुका आणि जॉर्जिओस झर्व्हास यांनी बॉस्टन भागातल्या रेस्टॉरंटचे येल्पवरचे रिव्ह्यू तपासले, त्यांतले सुमारे १६ टक्के येल्पच्या चाळणीनं संशयित म्हणून बाजूला काढलेले होते. ते सगळे खोटेच धरले तरी ५४० मध्ये ८६ खोटे. त्याच ८० टक्क्यांच्या नजरेनं चाळल्यावर ३८० उरतात आणि त्यांत खोटे फक्त १७. नजर तीच, माणूस तोच. फरक पडला तो बाजारात मुळात खोटेपणा किती भरलाय याचा. म्हणून 'खोटा रिव्ह्यू ओळखण्याच्या दहा युक्त्या' वाचून या बाजारात शिरणाऱ्याला मी तरी हुशार म्हणणार नाही.

लुका-झर्व्हास यांच्या त्याच कामात आणखी एक गोष्ट आहे. ज्या रेस्टॉरंटचं नाव अजून झालेलं नाही किंवा नुकतंच खराब झालंय ते खोट्या रिव्ह्यूंकडे जास्त वळतं. साखळीतली मोठी हॉटेलं कमी वळतात, कारण त्यांना नाव गमावण्याची भीती असते. निबंधाच्या दुकानाला कसली भीती? नाव खराब झालं तर पुढच्या सोमवारी नवं डोमेन.

आणि तारे जमवणं किती सोपं आहे ते बघायचं तर लंडनच्या ऊबा बटलरची गोष्ट वाचा. हा पत्रकार आधी रेस्टॉरंटांसाठी एका रिव्ह्यूला १० पौंड घेऊन खोटे रिव्ह्यू लिहायचा. मग २०१७ मध्ये त्यानं डलिच भागातली आपल्या घरामागची शेड ट्रिपअ‍ॅडव्हायजरवर रेस्टॉरंट म्हणून नोंदवली. पदार्थांचे फोटो दाढीचा फेस आणि ब्लीचच्या गोळ्या वापरून काढले. मित्रांनी रिव्ह्यू लिहिले. लंडनमधल्या सुमारे १८ हजार रेस्टॉरंटांत सगळ्यात खालून सुरुवात करून नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याची शेड पहिल्या नंबरवर आली. तोपर्यंत तिथे कुणी एक घासही खाल्ला नव्हता!

बरं, धरून चालू की तो सत्ताविसातला एक खरा रिव्ह्यू तुम्हाला सापडला. तो तरी काय सांगतो? दुकानाकडून रिव्ह्यूची विनंती येते ती फाइल हातात पडल्याबरोबर. मार्क लागायला अजून तीन-चार आठवडे असतात. तेव्हा गिऱ्हाइकाला माहीत असतं ते एवढंच की फाइल वेळेवर उघडली आणि शब्द मोजून भरले. मेसचं जेवण ताटात पडल्या पडल्या मत विचारावं, तसलाच प्रकार. 'व्हेरिफाइड' असा शिक्का असला तरी त्याचा अर्थ ऑर्डर झाली होती, इतकाच. विनंती कुणाला पाठवायची आणि कुणाला नाही हे बऱ्याचदा दुकानच ठरवतं.

'प्लॅजियारिझम शून्य टक्के' हे वाक्य तर प्रत्येक दुसऱ्या रिव्ह्यूत असतं. आपल्या स्टाफला हे माहीत आहे, विद्यार्थ्यांना नसतं: ते सॉफ्टवेअर मजकूर दुसऱ्या मजकुराशी जुळतो का ते बघतं. कुणी लिहिला ते बघत नाही. आपल्याकडचे यूजीसीचे २०१८ चे नियमही साधर्म्याच्या टक्केवारीवरच आहेत: १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि त्यावर अशा चढत्या शिक्षा. दुसऱ्यानं नव्यानं लिहून दिलेला निबंध शून्य टक्के दाखवणारच. तरी तो पकडला जातो, कारण ज्या मुलाचा वर्गातला ईमेल आपल्याला माहीत आहे त्याच्या निबंधात अचानक लॉर्ड लोकांचं इंग्रजी आलेलं मास्तरला वाचताक्षणी कळतं. मग तोंडी बोलावतात.

आणि ज्यांचं कौतुक चाललेलं असतं ते 'ऑक्सफर्डचे पीएचडी लेखक' कुठे बसतात? त्यांच्यातले खूप जण केनियात, नैरोबीत. ऑक्सफर्डच्याच प्राध्यापक पॅट्रिशिया किंगोरी यांच्या शोधावर 'द शॅडो स्कॉलर्स' ही २०२४ ची डॉक्युमेंटरी आहे, ती मिळाली तर जरूर बघा. चांगली शिकलेली, नोकरी नसलेली मुलंमुली दुसऱ्या देशांतल्या मुलांच्या पदव्या लिहून देतायत. आपल्या देशातही असं काम करणारे आहेतच. त्यांच्या अकलेबद्दल मला शंका नाही. रिव्ह्यूतल्या ऑक्सफर्डबद्दल आहे.

सीनिअरनं पाठवलेल्या तिन्ही लिंका मी उघडल्या त्या ज्या क्रमानं, तो क्रम सांगतो. तारे सगळ्यात शेवटी बघितले.

आधी डोमेन कधी नोंदवलं ते शोधलं. मालकाचं नाव २०१८ पासून, युरोपचा डेटा कायदा आल्यावर, बहुतेक झाकलेलं असतं. पण नोंदणीची तारीख कुणालाही बघता येते. 'पंधरा वर्षांची विश्वासार्ह सेवा' असं मिरवणाऱ्या एका दुकानाचं डोमेन दीड वर्षाचं होतं. त्यातल्या त्यात जुनं होतं त्याचं पान वेबॅक मशीनवर मागे मागे जाऊन पाहिलं, तर मधल्या काळात तिथे भलत्याच धंद्याची जाहिरात. म्हणजे जुनं डोमेन विकत घेऊन त्यावर दुकान मांडलेलं.

मग नियम-अटींचं पान. हे कुणी वाचत नाही, म्हणून तिथे खरं लिहिलेलं असतं. तिन्ही ठिकाणी बारीक अक्षरांत होतं की हा मजकूर फक्त 'संदर्भासाठी नमुना' आहे, स्वतःचं काम म्हणून सादर करू नये. त्याच दुकानाच्या पहिल्या पानावर रिव्ह्यू: 'सबमिट केलं, फर्स्ट क्लास मिळाला!' वकिलासाठी एक बोलणं, गिऱ्हाइकासाठी दुसरं. दोन दुकानांच्या अटी तर शब्दशः सारख्या निघाल्या, स्पेलिंगच्या चुकीसकट. त्यातली एक चूक अवतरण चिन्हांत टाकून सर्च केली तर आणखी बरीच भावंडं सापडली.

ही भावंडं महत्त्वाची आहेत, कारण 'टॉप टेन निबंध सेवा' अशी तुलना करून देणारी जी पानं असतात त्यांचं गणित त्यातून उलगडतं. हे पान निःपक्षपाती परीक्षकाचा आव आणतं. कुणाला ठगही ठरवतं. शेवटी पहिल्या तिघांची शिफारस, सोबत कूपन कोड. त्या लिंकेवर माउस ठेवून पत्ता बघा, शेवटी एखादा खुणेचा आकडा चिकटलेला दिसेल. तुम्ही तिथून गेलात की शिफारस करणाऱ्याला कमिशन. कधी कधी परीक्षक आणि पहिला नंबर दोघे एकाच घरचे असतात. वाईट रिव्ह्यूही तसेच तपासावेत. 'अमुक दुकानानं मला बुडवलं' इथपर्यंत ठीक. पण त्याच दमात 'मग मला तमुक भेटले आणि माझं वर्ष वाचलं' असं आलं की तो रिव्ह्यू तमुकनं लिहिलाय, खुशाल समजा.

त्यानंतर तारखा. आपल्या गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे गर्दी कधी असते? सबमिशनला. इतर वेळी तो पेपर वाचत बसतो. निबंधाच्या दुकानाचं खरं गिऱ्हाईकही टर्मच्या शेवटीच वाढायला हवं. इंग्लंडमधल्या मुलांवर चालणाऱ्या दुकानाला डिसेंबर-जानेवारीत आणि एप्रिल-मेमध्ये भरती, हे नैसर्गिक. रिव्ह्यू जर बारा महिने एका चालीनं पडत असतील, किंवा दोन महिने शांतता आणि मग एका मंगळवारी चाळीस, तर ते सबमिशनच्या नव्हे, कुणाच्या तरी पगाराच्या हिशोबानं पडतायत. त्यावर लिहिणाऱ्याचं नाव दाबून बघा. एकाच दिवशी टेक्सासमधला प्लंबर, मँचेस्टरमधला दंतवैद्य आणि हे दुकान, तिन्हीला पाच तारे देणारा हा विद्यार्थी कुठल्या वर्गात बसतो?

एवढं झाल्यावर तारे. ४.९ होते. नुसती सरासरी कधीही बघू नका, पाचाचे किती आणि एकाचे किती ते बघा. एकाचे जे थोडे असतात ते सगळे वाचा. मधल्या दुकानाच्या एका ताऱ्याच्या मोजक्या रिव्ह्यूंत एक असा होता की मी तो दोनदा वाचला. निबंध निकृष्ट म्हणून मुलीनं पैसे परत मागितले होते. उत्तर आलं, 'तुमच्या विद्यापीठाचा ईमेल आमच्याकडे आहे.' हा तरी खरा कशावरून? सिद्ध करता येणार नाही. पण धमकीचा हा प्रकार परदेशातली विद्यापीठं आपल्या विद्यार्थ्यांना वारंवार सांगत आली आहेत, आणि व्यवहाराची रचनाच अशी आहे की ती शक्य होते. ऑर्डर देताना तुमचं नाव, विषय, कार्ड, कधी कधी तर विद्यापीठाच्या पोर्टलचा पासवर्डसुद्धा त्यांच्याकडे जातो. पुढची अनेक वर्षं ते कागद कुणाच्या हातात असतील काय सांगावं. २०१४ मध्ये सिडनीत 'मायमास्टर' नावाचं दुकान तिथल्या वर्तमानपत्रानं उघडकीला आणलं, तेव्हा त्याच्या नोंदींतून गिऱ्हाइकं सापडली आणि काहींच्या मिळालेल्या पदव्यासुद्धा रद्द झाल्या.

सीनिअरला मी हे सगळं लिहून पाठवलं. मार्क किती पडतील वगैरे नाही, फक्त शेवटची गोष्ट: 'दादा, इंग्लंडमध्ये विद्यापीठानं काढलं तर व्हिसाची स्पॉन्सरशिपही जाते. आणि ते दुकान तुझं घर तारण आहे हे जाणत नाही, पण तुझा ईमेल जाणतं.' दोन दिवस उत्तर नाही. मग कळलं की त्यानं आपल्या ट्यूटरला गाठून रात्रपाळी आणि आजारपण दोन्ही सांगितलं. त्यांच्याकडे अडचणीचं कारण देऊन मुदत वाढवून मागण्याचा रीतसर फॉर्म असतो, तो त्याला तोवर माहीतच नव्हता. दोन निबंधांना मुदत मिळाली. तिसरा त्यानं जागून लिहिला आणि तो जेमतेम पास झाला.

कायद्याचं थोडक्यात. ऑस्ट्रेलियानं २०२० मध्ये ही सेवा देणं आणि तिची जाहिरात करणं गुन्हा ठरवलं, तुरुंगवासापर्यंत शिक्षा ठेवली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये एका झटक्यात सर्वाधिक चालणाऱ्या ४० वेबसाइट अडवल्या. इंग्लंडमध्ये २०२२ च्या कायद्यानंही ही सेवा देणं आणि तिची जाहिरात करणं गुन्हा ठरवलं. खोट्या रिव्ह्यूंवर अमेरिकेचा नियम ऑक्टोबर २०२४ पासून आणि ब्रिटनचा एप्रिल २०२५ पासून लागू आहे. आपल्याकडे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्यानं ग्राहकाचं सोंग घेऊन रिव्ह्यू लिहायला बंदी आहे. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोनं ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकही काढलं, तेव्हा ते ऐच्छिक होतं. कायदे आले हे चांगलंच झालं, पण त्याचा एक उलटा परिणाम तुमच्या लक्षात यावा. जिथे दुकान चालवणंच गुन्हा आहे तिथे जे उरतात ते नाव बदलत राहणारे, पत्ता नसणारे. त्यांच्यावर खोट्या रिव्ह्यूचा खटला कोण आणि कुठल्या पत्त्यावर भरणार?

आपल्या गावातही रेडीमेड प्रोजेक्टची दुकानं आहेत, हे स्टाफला ठाऊक आहे आणि आपल्यालाही. नकाशावर त्यांनाही तारे असतात. वरच्या क्रमानं मी एक तपासलं. रिव्ह्यू बहुतेक एकाच महिन्यातले, आडनावं तीन-चारच, आणि प्रोजेक्ट कुठला घेतला हे एकानंही लिहिलेलं नाही. म्हटलं, खोटे. पण आमच्या मजल्यावरच्या एकानं तिथून लाइन फॉलोअर रोबो घेतला होता हे मला माहीत होतं, म्हणून त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, माल चांगला आहे. ओरलच्या आदल्या रात्री सेन्सर मेला तर दुकानदारानं साडेदहाला शटर उघडून सोल्डर करून दिला, वर पैसे घेतले नाहीत.

मी विचारलं, "मग तू रिव्ह्यू लिहिलास का?"

"वेडा आहेस का," तो म्हणाला, "नावासकट?"